दाराचे झिजलेले हँडल घरच्या घरी कसे बदलावे?

खोलीच्या दाराचे हँडल जुने होऊन खाली लोंबू लागले आहे, दोन-तीनदा दाबल्याशिवाय दार उघडत नाही, तर सुताराला न बोलावता ते स्वतःच बदलता येईल का, असे आपण विचारले आहे. नक्की बदलता येईल. घरातली आणि नातेवाइकांकडची अशी हँडले मी स्वतः बदललेली आहेत आणि त्या अनुभवावरून एक आग्रहाची सूचना करतो: झीज नेमकी कुठे झाली आहे, हे पाहिल्याशिवाय नवे हँडल विकत आणू नका. पुष्कळदा हँडल धडधाकट असते आणि दोष दुसरीकडेच असतो. अशा वेळी नवे हँडलही थोड्याच दिवसांत तसेच लोंबू लागते.

खोल्यांच्या दारांना बहुधा मॉर्टिस लॉक असते, म्हणजे दाराच्या जाडीत खाच करून बसवलेली कुलपाची पेटी. दोन्ही बाजूंची हँडले एका चौकोनी सळईने जोडलेली असतात आणि ही सळई, जिला दुकानात स्पिंडल म्हणतात, पेटीतल्या चौकोनी भोकातून आरपार जाते. हँडल दाबले की सळई फिरते आणि दाराची जीभ आत ओढली जाते. त्यामुळे झीज चार ठिकाणी होऊ शकते: हँडलमधल्या चौकोनी खोबणीत, सळईच्या कडांवर, पेटीतल्या भोकात किंवा स्प्रिंगमध्ये.

दार उघडे ठेवून जिभेकडे पाहा. हँडल लोंबलेले असूनही जीभ पूर्ण बाहेर असेल, तर पेटी बहुधा ठीक आहे आणि सैलपणा हँडल व सळई यांच्यामध्ये आहे. जीभही अर्धवट आत राहत असेल, तर पेटीतली स्प्रिंग थकलेली किंवा तुटलेली असण्याची शक्यता जास्त. खात्री करण्यासाठी हँडले काढा, सळई एकटीच पेटीत घाला आणि पकडीने धरून फिरवा. सोडल्याबरोबर ती झटक्याने मागे आली, तर पेटी शाबूत आहे. ती सुस्तपणे परतत असेल किंवा भोकात खुळखुळत असेल, तर पेटीच बदलावी लागेल.

हँडल काढण्यापूर्वी त्याच्या मानेखालची बाजू बोटाने चाचपून पाहा. तिथे पुष्कळदा एक बारीक, बिनडोक्याचा स्क्रू असतो, जो षटकोनी ॲलन की घालून फिरवावा लागतो. हा स्क्रू सळईला आवळून धरतो आणि वर्षानुवर्षांच्या वापराने तो हळूहळू ढिला होत जातो. तो घट्ट केल्यावर हँडल पूर्ववत चालू लागले, तर काहीच विकत घ्यायची गरज नाही. मात्र सळईच्या कडा गोल झालेल्या दिसल्या, तर स्क्रू आवळून तात्पुरताच उपयोग होतो. तेव्हा निदान सळई तरी बदलावी.

हँडल बदलायचेच ठरले, तर जुने काढून सोबत न्या आणि मापे मात्र घरीच घ्या. सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे सळईच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. ७२, ८५ आणि ९२ मिलिमीटर ही मापे वारंवार आढळतात आणि त्यात दोन-तीन मिलिमीटरचाही फरक चालत नाही, कारण मग किल्ली पट्टीच्या, म्हणजे हँडल ज्या धातूच्या पाटीवर बसवलेले असते तिच्या, भोकातून सरळ आत जात नाही. सळईची जाडी पाहा. ती बहुतेक ठिकाणी ८ मिलिमीटर असते, पण ७ मिलिमीटरच्या सळयाही आहेत, आणि ८ च्या भोकात ७ ची सळई घातली की नव्या हँडललाही पहिल्याच दिवसापासून ढिलेपणा येतो. दाराची जाडीही मोजा, कारण सळई आणि स्क्रू किती लांब हवेत हे तिच्यावरच ठरते. नवी पट्टी जुनीच्या खुणा झाकेल एवढी मोठी असावी. लांब पट्टीच्या जागी लहान गोल तबकडीचे हँडल लावले, तर जुनी भोके आणि रंगाचा फरक उघडा पडतो, आणि ते बुजवून रंगवायचे काम मूळ कामापेक्षा जास्त वेळ खाते.

धातूबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जस्ताच्या मिश्रधातूच्या हलक्या, ओतीव हँडलांवर चकाकी छान असते, पण त्यांची चौकोनी खोबणी लवकर झिजते. रोज वापरातल्या दाराला पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्यावे. घरात वयस्कर माणसे असतील, तर गोल गाठीऐवजी आडव्या दांड्याचे हँडल निवडा. सांधे दुखणाऱ्या हाताला गोल गाठ आवळून फिरवणे कठीण जाते, तर दांडा कोपरानेही दाबता येतो.

आता प्रत्यक्ष काम. दार उघडेच राहील अशी फाचर खाली सारा आणि सळई व पकड हाताशी ठेवा. हँडल नसताना दार आपटून बंद झाले, तर आतला माणूस अडकतो. पट्टीभोवती रंगाचा थर चढलेला असेल, तर आधी धारदार पात्याने कडेने रेघ मारून घ्या, नाहीतर पट्टी उचकटताना दाराचा रंगही सालीसारखा सोलून येतो. स्क्रू काढल्यावर त्यांची भोके मोठी झालेली दिसतील. त्यांत लाकडाच्या बारीक ढलप्या सुतारकामाचा गोंद लावून ठोका, रात्रभर वाळू द्या आणि पृष्ठभागाबरोबर कापून घ्या. घाई असली तरी ही पायरी टाळू नये, कारण सैल भोकातली पट्टी पुन्हा हलू लागते आणि ती हलली की सळईवर तिरका ताण येतो. पितळी स्क्रू घालताना आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्यावी. पितळेचे डोके चटकन तुटते.

नवी सळई लांब असेल, तर लोखंड कापायच्या करवतीने कापा आणि कड कानशीने घासून गुळगुळीत करा. सळई दोन्ही हँडलांच्या तळाला टेकत असेल, तर पट्टी दाराला सपाट बसत नाही. काही हँडलांच्या आतल्या स्प्रिंगमुळे डावी-उजवी बाजू ठरलेली असते, तेव्हा ती अदलाबदल होऊ देऊ नका.

दोन्ही बाजू लावून झाल्यावर स्क्रू अर्धवटच आवळा, हँडल वारंवार दाबून पाहा, किल्ली फिरवून पाहा, मग आळीपाळीने घट्ट करत जा. शेवटच्या पिळानंतर हँडल जड चालू लागले, तर स्क्रू अर्धा फेरा सैल करा. आतून पोकळ असलेल्या दारात जास्त आवळण्याने फळी दबते आणि पट्ट्या आत खेचल्या जाऊन सळई अडकते. हे सारे दार उघडे असतानाच तपासा. कुलपाच्या किल्लीच्या भागात तेल घालू नका, त्यात धूळ चिकटते. तिथे ग्राफाइटची पूड वापरावी.

मुख्य दाराच्या बाबतीत कुलपाचा सिलिंडर, म्हणजे ज्यात किल्ली घालतात तो भाग, बाहेरच्या पट्टीच्या पुढे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावू देऊ नये, कारण बाहेर आलेला भाग पकडीत धरून मोडता येतो. इमारतीतले दार आगरोधक असेल, तर त्यावर वाटेल ते हँडल चालत नाही. त्या दारासाठी मान्य असलेलेच बसवा आणि त्यात नवी भोके पाडू नका.