हसणाऱ्यांशी आधी बोला

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. बोलताना अडखळतो. टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात तोतरं पात्र आहे, त्याच नावाने मुलं याला हाक मारतात. शिकवणीत याला मुद्दाम बोलायला लावून एकाने व्हिडिओ काढला आणि ‘रोस्ट’ म्हणून ग्रुपवर टाकला. आता हा शाळेतच जायला तयार नाही. हे टीव्ही-मोबाइलमुळेच ना? घरातला टीव्ही बंद करू का?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमचा टीव्ही बंद करून त्याचा त्रास थांबणार नाही, व्हिडिओ काढणारा मुलगा दुसऱ्या घरात टीव्ही बघतो. पण तुमची शंका खरी आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६५ च्या एका प्रयोगात लहान मुलांना फिल्म दाखवली. तीत एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बडवतो. काही मुलांनी त्याला शाबासकी मिळताना पाहिलं, काहींनी ओरडा बसताना. ओरडा पाहिलेल्यांनी नक्कल कमी केली. मग ‘जे पाहिलंस ते करून दाखव, स्टिकर मिळेल’ म्हटल्यावर त्यांनीही ते करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती. आपल्या विनोदी कार्यक्रमांत जाडेपणावर, रंगावर, तोतरेपणावर बोलणाऱ्याला टाळ्या पडतात आणि मुलं ते बरोबर टिपतात.

तरीही सगळं खापर पडद्यावर फोडणं मला मान्य नाही. मी शाळेत समुपदेशक आहे. एका स्नेहसंमेलनात आठवीतल्या सावळ्या मुलीवर फिशपाँड वाचला गेला, अंधारात हिचे फक्त दात दिसतात म्हणून. पहिल्या रांगेतले शिक्षक हसले, मग अख्खा हॉल. तीही हसली, पण तोंडावर हात धरून. ‘रोस्ट’ हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून आपण हे करत आलो आहोत. फिशपाँड निदान वर्षातून एकदाच पडायचा, रोस्ट मात्र रात्री अकरालाही मोबाइलवर येऊन पडतो.

व्हिडिओ काढून टाकायला लावण्याआधी नाव आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. वर्गशिक्षकांना एकट्या भेटा. मुलाला वर्गापुढे उभं करून ‘कोण चिडवतं?’ असं विचारू नका, हे त्यांना स्पष्ट सांगा. ज्यांनी खाली हसरे इमोजी टाकले, त्यांना एकेकटं बोलवायला सांगा. माझा अनुभव असा, की त्यांतल्या काहींना ते मुळीच आवडलेलं नसतं, पण गप्प राहिलं तर पुढचा नंबर आपला, ही भीती असते. ती मुलं बाजूला झाली की व्हिडिओवाल्याचा जोर ओसरतो. शाळेने हात झटकले, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

तो कार्यक्रम मुलाला नको असेल तर लावू नका. बाकी वेळी शेजारी बसून बघा आणि ‘यात हसण्यासारखं काय होतं?’ असं सगळ्यांदेखत विचारा, आजी-आजोबा हसले असले तरी. तो अडखळला की त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, त्याला वेळ द्या. स्पीच थेरपिस्टकडे अजून नेलं नसेल, तर या महिन्यातच न्या.