बेडकाच्या मूत्रपिंडातल्या नलिकेवर अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम अल्फा ग्राहींमुळे (ग्राही म्हणजे संप्रेरक ओळखणारे पेशीवरचे रेणू) होतो की बीटा, हे कसं ओळखायचं?

नुसत्या अ‍ॅड्रेनालिनवरून कळणार नाही, ते दोन्ही ग्राहींवर काम करतं. एका नमुन्यात प्रोप्रॅनोलॉलने बीटा अडवा, दुसऱ्यात फेंटोलामिनने अल्फा, आणि मग अ‍ॅड्रेनालिन द्या. बीटामुळे पेशीतलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत संदेश पोचवणारा रेणू) वाढतं, अल्फा-२ या अल्फाच्या एका प्रकारामुळे घटतं. काहीच अडवलं नाही तर दोन्ही एकमेकांना खोडू शकतात आणि 'काहीच झालं नाही' असा फसवा निकाल हाती येऊ शकतो.

अख्खं मूत्रपिंड वापरत असाल तर लघवीच्या प्रमाणावर विसंबू नका. रक्तवाहिन्या आकसल्या की गाळणच बदलतं, नलिकेचा त्यात संबंध नसतो. सुटी नलिकाच बरी. रिंगर द्रावणात (ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) मीठ सुमारे ०.६५ टक्के ठेवा. सस्तन प्राण्यांचं ०.९ टक्क्यांचं द्रावण पेशींतलं पाणी ओढून घेतं. अ‍ॅड्रेनालिन ऐनवेळी बनवा, गुलाबी झालेलं फेकून द्या.