पुलपिटवर नाव की मुलाचं दार?

प्रश्न: ताई, सलाम. वय ६१, राहणार वडगाव शेरी. खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालो. वीस वर्षं प्यायलो, नऊ वर्षांपूर्वी प्रभूने सोडवलं, एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगा अजून करतो. आता मंडळीत पंच आहे, तरुण संघात प्रभूने कसं सोडवलं याची साक्ष देतो, पोरं म्हणतात अंकल तुमच्याकडे बघून बळ येतं. मुलगा ३१ चा आहे, हिंजवडीत जॉब, वाकडला राहतो, चर्चला येत नाही. त्याच्या दृढीकरणाच्या (चर्चमध्ये स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायच्या विधीच्या) दिवशी मी पिऊन आलो होतो. गेल्या नाताळात तो म्हणाला, "पप्पा, चर्चमधले तुम्ही वेगळे आणि आमच्या घरातले वेगळे होते." मला वाटतं आपल्या मागे विश्वासाचं काहीतरी उदाहरण राहावं. लहानपणी केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघितलं होतं ते मनातून जात नाही. चर्चला दोन लाखांचं नवीन पुलपिट, म्हणजे उपदेश करायचं व्यासपीठ, द्यायचा विचार आहे, खाली आईचं आणि माझं नाव. मिसेस म्हणते आधी मुलाकडे जा. काय करू?

उत्तर: सलाम दादा. वहिनी बरोबर बोलतायत, हे आधीच सांगून टाकते.

दान देऊ नका असं मी म्हणत नाही, आपल्या जुन्या चर्चमधले कितीतरी बाक कुणाकुणाच्या आईवडिलांच्या आठवणीत दिलेले आहेत आणि ते प्रेमानेच दिलेत. पण मत्तयाचा पाचवा अध्याय काढा, तेविसावं वचन. वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे माणूस दान घेऊन पार आत पोचलाय तरी प्रभू त्याला म्हणतो थांब, घरी जा. तुम्हाला तर गेल्या नाताळातच आठवण करून दिली गेलीय, तीसुद्धा मुलाच्याच तोंडून.

केडगावचं म्हणाल तर रमाबाईंनी मागे काय राहील याचा हिशोब मांडला असेल असं मला वाटत नाही. १८९६ च्या दुष्काळात उपाशी पोरी दिसल्या म्हणून त्या मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांना घेऊन आल्या, त्यांना खायला घालायचं होतं म्हणून मुक्ती उभी राहिली. शेवटची कितीतरी वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यात गेली, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी काम सोडलं नाही, आणि पुढच्या वर्षी ५ एप्रिलला त्या स्वतः गेल्या. त्या आयुष्यभर समोर आलेल्या माणसाचं बघत राहिल्या, एवढंच मला त्यात दिसतं. आणि तुमच्या समोरचा माणूस वाकडला राहतोय.

आता तुमची खरी भीती, ती तुम्ही लिहिली नाहीत पण पत्रात दिसतेय. मुलाने खरं सांगितलं तर तरुण संघातलं माझं उदाहरण मोडेल. दादा, पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, कुणी झाकली नाही. आपल्याकडचंच बघा ना, १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, आणि आपलं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, लिहायला बसल्या तेव्हा टिळकांचा संताप, न सांगता घरातून निघून जाणं, सगळं लिहिलं. म्हणून टिळकांची भजनं म्हणायची आपण थांबलो का? उलट घरातल्या बाईने सगळं बघूनही त्या माणसावर इतकं प्रेम केलं हे वाचून मला तरी टिळक जास्त खरे वाटतात.

माझी आजी नाना पेठेतल्या वाड्यात राहायची. सकाळी नळावर शेजारणीशी कडाक्याचं भांडण झालं, आजी तिच्या मेलेल्या नवऱ्यावरून नको ते बोलली. संध्याकाळी प्रार्थना करून उठली तरी चेहरा तसाच. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवलं, हंडा घेतला आणि नळाच्या रांगेत सगळ्या बायकांसमोर त्या बाईची माफी मागितली. मी म्हटलं, घरी जाऊन मागायची होतीस ना. तर म्हणाली, "बोलले नळावर, मग माफी पण नळावरच." ती संडे स्कूलमध्ये कधी शिकवायला नव्हती, साक्ष द्यायला तर उभीच राहिली नसती, पण मला आज कुणाची माफी मागायची वेळ आली की तो हंडा आठवतो.

तुमची चूक घरात झाली, तर आधी घरात जा. मुलाला इकडे बोलावू नका, तुम्ही वाकडला जा, रविवार सोडून, म्हणजे चर्चला न्यायला आलेत असं त्याला वाटणार नाही. बायबल नेऊ नका. प्रभूने मला कसं बदललं हेही त्या दिवशी नको, ते त्याने तुमच्या शेजाऱ्यांकडूनसुद्धा ऐकलं असेल. दृढीकरणाचा दिवस नाव घेऊन बोला, फीचे पैसे कधी दारूत गेले असतील तर तेही, "काही चुकलं असेल तर" हे वाक्य अजिबात नको कारण काय चुकलं ते तुम्हा दोघांनाही माहितीय. ज्यांना दुखावलं त्यांच्याकडे जाऊन भरपाई करायची, ही एएची नववी पायरी तुम्हाला मी काय सांगू. मग गप्प बसा आणि तो चिडला तर चिडू द्या, वीस वर्षांचं आहे ते.

आणि एक, तुमच्या साक्षीत वहिनी कुठे आहेत? तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे आणि पुलपिटवर तर त्यांचं नावही नाही. वीस वर्षं घर कुणी ओढलं, मुलाला चर्चला कोण घेऊन जायचं, हे त्या पोरांना सांगा. मुलाची गोष्ट मात्र त्याला विचारल्याशिवाय सांगू नका, ती त्याची आहे.

पुलपिटचं पुढच्या वर्षी बघा, आणि द्यायचंच झालं तर नावाशिवाय द्या असं माझं मत. सध्या वाकडचं बघा. पहिल्या खेपेला दारातूनच परत यावं लागलं तर पुढच्या महिन्यात परत जा, आणि तेव्हाही रविवार नको.