हील सारखी निघते, मशीन घेऊ का?

प्रश्न : रत्नागिरीत माझं चपला-बूट रिपेअरचं छोटं दुकान आहे, पावसाळ्यात लेडीज सँडलची हील ठोकून दिली तरी परत निघून येते. मशीन घेऊ का?

उत्तर : दादा, घाई नको. कारखान्यातलं हील ठोकायचं मशीन हील घट्ट दाबून धरतं आणि आतून, म्हणजे इनसोलमधून (पाय टेकतो त्या आतल्या तळातून), सगळे खिळे एकाच दाबात हीलमध्ये घुसवतं, सरळ आणि सारखे खोल, हातोडीने एकेक मारताना तेच जमत नाही. पण आपल्याकडे खरा घात खाऱ्या हवेचा, खिळा गंजला की भोक सैल पडतं, मग कितीही ठोका. आधी गंज न धरणारा, अंगावर रिंगा असलेला खिळा वापरून बघा, जुनं भोक सोडून शेजारी मारा आणि ओली सँडल पूर्ण सुकल्याशिवाय सोल्युशन (चिकटवायचा गोंद) लावूच नका. रोज भरपूर जोड येत असतील तरच मशीन.