बिलिंग प्रणालीसाठी व्हीपीएस, डेडिकेटेड सर्व्हर की कोलोकेशन?

घोडबंदर रोडवरील आपल्या वितरण व्यवसायाची बिलिंग प्रणाली आणि एकाच वेळी तीस-चाळीस वापरकर्ते, एवढाच भार असेल, तर व्हीपीएस (एका मोठ्या यंत्राचे आभासी भाग करून त्यातील भाड्याने मिळणारा एक सर्व्हर) घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी मुंबईच्या महापे-ऐरोली पट्ट्यातील डेटा सेंटर जवळ आहेत, हे खरे. परंतु कोलोकेशनमध्ये, म्हणजे आपला सर्व्हर डेटा सेंटरमधील भाड्याच्या जागेत ठेवण्यात, यंत्र आपल्या मालकीचे असल्यामुळे रात्री दोन वाजता पॉवर सप्लाय जळाला, तर सुटा भाग घेऊन कळवा, विटावा ओलांडत धावपळ आपल्यालाच करावी लागते (आणि तो भाग त्या वेळी घरात असावा लागतो). डेडिकेटेड सर्व्हरमध्ये, म्हणजे पुरवठादाराचे अख्खे यंत्र भाड्याने घेतल्यास, ही जबाबदारी पुरवठादाराची असते, मात्र रॅम वाढवायची झाल्यास यंत्र बंद ठेवावे लागते. व्हीपीएसवर तेच काम बहुधा एका रीबूटमध्ये होते.

व्हीपीएसचा खरा दोष म्हणजे शेजारी: एकाच यंत्रावरील इतर ग्राहकांनी प्रोसेसर व्यापला की आपले काम रेंगाळते. लिनक्सवर ‘टॉप’ आज्ञा चालवून ‘एसटी’ (st) हा आकडा, म्हणजे आपल्या वाट्याचा प्रोसेसरचा वेळ किती टक्के इतरत्र गेला ते, पाहावा. तो सतत दहा टक्क्यांच्या आसपास राहिल्यास पुरवठादाराकडे दुसऱ्या यंत्रावर हलवण्याची मागणी करावी. स्नॅपशॉटला (पुरवठादाराकडेच साठवलेल्या सर्व्हरच्या त्या क्षणाच्या प्रतीला) बॅकअप समजू नये. डेटाबेसची प्रत रोज अन्य पुरवठादाराकडे ठेवावी.