ती वही आधी कपाटातून बाहेर काढा

नमस्कार. मुलाला बारावी कला शाखेत ७८ टक्के, त्याला युद्धवार्ताहर व्हायचंय आणि पुढे इतिहासाची पुस्तकं लिहायची आहेत, तुमच्या मते मात्र त्याने वकिलीच करावी, तेव्हा ‘त्याला दोन शब्द समजावून सांगा’, असं तुमचं पत्र. टक्क्यांची मला काळजी नाही. मन अडलं ते शेवटच्या वाक्यापाशी: ‘गावातल्या म्हाताऱ्या फौजींच्या आठवणी उतरवत बसतो, म्हणून त्याची वही कपाटात कुलपात ठेवली आहे.’

तुमच्या मुलासारखीच वाट धरलेला एक युद्धवार्ताहर आणि इतिहासलेखक आठवतो: कोर्नेलियस रायन. आयर्लंडमधल्या डब्लिनचा, जन्म १९२०. दुसऱ्या महायुद्धात, विशीतच तो लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकाचा युद्धवार्ताहर झाला. बॉम्बफेकी विमानांतून फिरला, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये दोस्त फौजा १९४४ साली उतरल्या ती नॉर्मंडीची चढाई पाहिली, अमेरिकेच्या जनरल पॅटनच्या सैन्याबरोबर युरोपातलं युद्ध संपेपर्यंत राहिला. इतकं स्वतः पाहिलेल्या माणसाने त्या चढाईच्या दिवसावरचं ‘द लाँगेस्ट डे’ हे पुस्तक एका बैठकीत लिहून काढायला हवं होतं ना? पुस्तक आलं १९५९ साली, चढाईनंतर पंधरा वर्षांनी. त्या दिवशी तिथे असलेल्यांना शोधायला त्याने जाहिराती दिल्या, छापील प्रश्नावल्या पाठवल्या. इंग्लिश खाडी ओलांडताना वेळ कसा काढलात, कुणाशी काय बोललात, रोजनिशी ठेवली होती का? दोन्ही बाजूंच्या सैनिकांना विचारलं, फ्रेंच गावकऱ्यांनाही.

तुमच्या मुलाच्या वहीत यापेक्षा वेगळं काय आहे? त्याचे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून १९७१ला, बांगलादेश युद्धातल्या जमालपूरच्या लढाईत होते, असं तुम्हीच लिहिलंय. ‘त्या रात्री थंडी किती होती, शेवटचं कधी जेवला होतात’ असं त्याने विचारलं, याचा तुम्हाला राग आला. मला तर हा प्रश्न ऐकूनच पोराची पारख झाली.

एक गैरसमज मात्र त्याचाही आहे. पत्रकारितेची पदविका घेतली की युद्धावर पाठवतात, असं नसतं. आधी जिल्ह्याची पानं, पोलीस ठाणं, पूर, कोर्ट यांत वर्षं जातात. तिथे नाव, हुद्दा, वेळ दोनदा तपासायची सवय लागली, की संपादक विश्वासाने बाहेर पाठवतो. संरक्षण मंत्रालयाचा डिफेन्स करस्पाँडंट्स कोर्सही काम करणाऱ्या पत्रकारांसाठीच असतो. पैशांची तुमची भीती खरी आहे, ती मी खोडणार नाही. रायनच्या डोक्यावरही संशोधनाच्या काळात कर्ज होतं. म्हणून पोटापाण्यासाठी नोकरी आणि बाजूला पुस्तक, असाच हिशेब धरा.

वाट सरळ आहे: इतिहासात बीए, मग पत्रकारितेसाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थान) अमरावती केंद्र. वकिली पदवीनंतरही करता येते.

पण प्रवेशाचं नंतर बघू. जमालपूरला लढलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. या रविवारी वही त्याच्या हातात द्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि तुम्हीही त्याच्याबरोबर काकांकडे जाऊन बसा. ते तुमचे सख्खे काका. त्या रात्रीबद्दल तुम्ही त्यांना कधी विचारलंय का?