वहिनींच्या डोळ्यासाठी छातीचा सीटी का सांगितला?

वहिनींना आठवड्याभरात डाव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं, डोळ्याच्या पडद्यामागे (रेटिनामागे) पाणी निघालं, आणि रेटिनाच्या डॉक्टरांनी छातीचा सीटी व मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) लिहून दिली. डोळ्याचा छातीशी काय संबंध, टाळलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. टाळू नका. याच आठवड्यात करून घ्या.

पडद्यामागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो. शरीरात दुसरीकडे कॅन्सर असेल तर त्याच्या पेशी रक्तातून तिथे येऊन रुजू शकतात. बायकांमध्ये बहुतेकदा स्तनाच्या, पुरुषांमध्ये फुप्फुसाच्या. गाठीभोवती पाणी साचतं, पडदा उचलला जातो. स्तनाचा कॅन्सर बहुधा आधीच माहीत असतो. फुप्फुसाचा मात्र कित्येकदा डोळ्यावरूनच पहिल्यांदा कळतो.

माझ्या आत्याचं असंच झालं. जन्मात विडी-सिगारेट नाही, खोकलाही नाही. एका डोळ्याने कॅलेंडरच्या चौकटी वाकड्या दिसायला लागल्या. राजवाड्याजवळच्या एका दुकानात चष्म्याचा प्लस नंबर वाढवून दिला, थोड्या दिवसांनी आणखी वाढवला. पाण्याने पडदा पुढे सरकला की नंबर असाच प्लसकडे जातो, हे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे पापणीवर जेल लावून बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी केली, त्यात गाठ दिसली. छातीच्या सीटीत मूळ सापडलं. बायोप्सीत ईजीएफआर नावाच्या जीनमधला बदल निघाला म्हणून तिला केमोऐवजी रोजची गोळी सुरू झाली. डोळ्यातलं पाणी ओसरलं आणि ती पुन्हा पेपर वाचू लागली.

वहिनींना हेच असेल असं मुळीच नाही. पडद्यामागे पाणी होण्याची साधी कारणंही आहेत. स्टेरॉईड घेतल्यानेही होतं. त्या कसली स्टेरॉईडची गोळी, इन्हेलर किंवा क्रीम वापरत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) झाला नसेल तर तोही करा, ब्लड कॅन्सर कधीकधी पडद्यावरच्या रक्तस्रावातून दिसतो.

आणखी एक, आणि हे तुम्ही नाही, घरातल्या एखाद्या बाईने विचारावं: स्तनात गाठ लागतेय का? आपल्याकडे बायका हे महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाहीत.

खर्चाची चिंता असेल तर आयुष्मान कार्ड आहे का बघा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. सीटीआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) लागेल, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही तिथे सांगा. पुन्हा डोळा दाखवायला जाल तेव्हा बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, त्यामुळे त्यांना एकटीने स्कूटीवर पाठवू नका.